विलंबाचे व्याज

गळीत हंगाम सुरू झाला की सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात गुऱ्हाळे पेटतात. त्यामागोमाग हळद शिजविण्याची कामे येतात. उकळत्या काहिलीपाशी आणि घरोघरच्या चुलीपाशी माणसे भाजतात, हे नवे नाही. नवे नसल्यामुळेच त्या नुकसानीचा हिशेब कोणी मांडत नाही. अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने तो येथे मांडावासा वाटतो.

भाजण्याच्या सर्वच जखमा सारख्या नसतात. कातडीचा खालचा थर शाबूत असेल, तर फोड आले तरी जखम साधारणत: दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरते. परंतु कातडी पूर्ण जाडीने जळाली, की नवी कातडी निर्माण करणाऱ्या पेशीच तेथे उरत नाहीत. अशी जखम पांढुरकी किंवा करपलेल्या चामड्यासारखी दिसते आणि मज्जातंतू जळाल्यामुळे तेथे फारशी दुखतही नाही. दुखत नाही म्हणून घरची मंडळी निर्धास्त होतात. वस्तुत: तेच धोक्याचे लक्षण होय. अशा ठिकाणी मेलेली कातडी काढून रुग्णाच्याच मांडीची पातळ कातडी बसवावी लागते. यालाच त्वचारोपण म्हणतात. तीन आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेलाही बहुधा हाच उपाय असतो.

तो टाळला तर जखम आक्रसत भरते. बोटे वळतात, कोपर जखडते, मान छातीकडे ओढली जाते. शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच होतो, आखडलेल्या हाताचा मात्र जन्मभर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांच्या उपचारांचा समावेश आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि रुग्णाजवळ आठवडेच्या आठवडे बसणाऱ्या सोबत्याची बुडालेली मजुरी कोण देणार? रुग्णाला अर्ध्या उपचारांतून घरी नेण्यामागे अडाणीपणापेक्षा हीच विवंचना अधिक असावी. तिची सोय लावणे, हे साखर कारखाने, बाजार समित्या आणि पतसंस्था यांना अशक्य नाही.

१८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून या भागाला शस्त्रक्रियेचे वावडे नाही. उणीव आहे ती कातडीची. शरीराचा मोठा भाग भाजलेल्या रुग्णाजवळ स्वत:ची पुरेशी कातडी उरत नाही. मृताची दान केलेली कातडी तेथे कायमची रुजत नाही. पण काही आठवडे जखम झाकून ती जंतुसंसर्ग रोखते आणि प्राण वाचविते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत केवळ वरचा पातळ थर घेतात. देह विद्रूप होत नाही आणि रक्तगट जुळविण्याचीही गरज नसते. नेत्रदानाचे महत्त्व आपण मुलांना शिकविले. त्वचादानाचे का शिकवू नये?

आणि एक साधी गोष्ट. भाजल्याबरोबर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी घालावे. बर्फ, शाई वा हळद लावू नये. हळदीच्या बाजारपेठेचे गाव म्हणून सांगलीला अभिमान अवश्य असावा, परंतु हळदीची जागा स्वयंपाकघरात आहे, भाजलेल्या अंगावर नव्हे. एवढे प्रत्येक शिक्षकाने वर्गात आणि प्रत्येक विद्यार्थ्याने घरी सांगितले, तरी पुढच्या हंगामात काही हात कामाला राहतील.