रुळला नाही, की रुळू दिला नाही?

केरळमध्ये फुटबॉलचा विषय निघाला आणि बोलणाऱ्यांत चार जाणती माणसे असली, की आजही एका नावावरून तट पडतात. ते नाव दिमितार बर्बातोव्हचे. बल्गेरियाच्या राष्ट्रीय संघासाठी ४८ गोल, मँचेस्टर युनायटेडकडून २०१०-११ च्या हंगामात २० गोल आणि इंग्लिश प्रीमियर लीगमधील सर्वाधिक गोलांचा संयुक्त मान, एवढी शिदोरी घेऊन हा आघाडीपटू २०१७ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी केरला ब्लास्टर्समध्ये दाखल झाला. इंडियन सुपर लीगमध्ये तो नऊ सामने खेळला आणि त्याने एक गोल केला. मार्च २०१८ मध्ये समाजमाध्यमावर प्रशिक्षकाच्या डावपेचांवर जाहीर आगपाखड करून तो परतला.

या स्तंभाच्या वाचकांना हा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. मला तो तसा वाटत नाही. आपल्या देशात संस्था कशा उभारल्या जातात आणि कशा उभारल्या जात नाहीत, याचे इतके स्वच्छ उदाहरण राजकारणातही सहसा सापडत नाही.

चाहत्यांमधील वाद साधारण तीन अंगांनी चालतो. काहींच्या मते गडी थकलेला होता, पैशासाठी आला आणि पैसे घेऊन गेला. काही जण प्रशिक्षकाला दोषी धरतात. बर्बातोव्हला आणणारे रेने म्यूलेनस्टीन हे फर्ग्युसन यांच्या हाताखाली मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक राहिलेले. बर्बातोव्हचा खेळ त्यांना आतून-बाहेरून ठाऊक होता. तेच हंगामाच्या मध्यावर, जानेवारी २०१८ च्या आरंभी पायउतार झाले. त्यांच्या जागी डेव्हिड जेम्स आले. त्यांची फुटबॉलची कल्पनाच निराळी. संथ, विचारी, चेंडू पायाशी ठेवून खेळणाऱ्या माणसाला मध्यफळीत मागे खेळवून लांब पल्ल्याच्या फटक्यांच्या खेळात बसवू पाहिले, तर दुसरे काय होणार, असा त्यांचा सवाल असतो. तिसऱ्या गटाचे म्हणणे अधिक कडवट आहे. मालकांना आघाडीपटू हवाच नव्हता, त्यांना हवे होते फलकावर लावायला एक चित्र.

माझा कौल तिसऱ्या गटाच्या बाजूने आहे. परंतु तो गट जिथे थांबतो तिथून पुढे जाणे मला आवश्यक वाटते. सारा दोष मालकांच्या हौसेचा असता, तर हौस फिटल्यावर ती गोष्ट संपली असती.

२०१४ मध्ये ही लीग सुरू झाली, तेव्हा तिचा पहिला हंगाम ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होऊन डिसेंबर सरण्यापूर्वी आटोपला होता. प्रत्येक संघात एक ‘मार्की’ खेळाडू हवा, हा त्या वेळचा दंडक. दिल्लीकडे देल पिएरो, गोव्याकडे रॉबर्ट पिरेस, पुण्याकडे डेव्हिड ट्रेझेगे, मुंबईकडे फ्रेडी युंगबर्ग. हे सारे विश्वचषकाच्या मैदानांवर गाजलेले आणि सारेच कारकिर्दीच्या सायंकाळी आलेले. देल पिएरोच्या नावावर दहा सामन्यांत एक गोल लागला, युंगबर्गची गाडी चार सामन्यांपलीकडे गेली नाही. पुण्याने २०१६ साठी करारबद्ध केलेला आइसलँडचा एडर गुडजॉन्सन तर हंगामापूर्वीच जायबंदी झाला आणि एकही सामना खेळू शकला नाही. आता विचार करा: जो माणूस अडीच महिन्यांसाठी येतो, हॉटेलात उतरतो, विमानाने सामन्याला जातो आणि नाताळाच्या आत घरी परततो, त्याच्या बाबतीत ‘रुळणे’ हा शब्द तरी लागू पडतो का? पाहुण्याकडून कोणी रुळण्याची अपेक्षा करत नाही.

२०१७-१८ पासून लीग चार-पाच महिन्यांची झाली. विचार मात्र अडीच महिन्यांचाच राहिला. बर्बातोव्ह नेमका या सांध्यात सापडला.

त्याच केरळ संघात, त्याच हंगामात इयान ह्यूम नावाचा कॅनेडियन आघाडीपटू होता. त्याची कारकीर्द बहुतांशी इंग्लंडच्या खालच्या विभागांत गेलेली. २००८ मध्ये एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याचे कोपर लागून त्याची कवटी भंगली होती. त्यातून उठून तो पुन्हा मैदानावर आला. जानेवारी २०१८ मध्ये दिल्लीविरुद्ध डोक्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत त्याने हॅट्ट्रिक साधली. केरळच्या प्रेक्षकांनी त्याला ‘ह्यूमेट्टन’ म्हणजे ह्यूमदादा करून टाकले होते. २०१४ मधील पहिल्याच हंगामापासून तो भारतात खेळत होता. येथील दमट हवा, येथील खेळपट्टीवजा मैदाने, बसमधले तास आणि सहकाऱ्यांची तोडकी-मोडकी इंग्रजी हे सारे त्याच्या अंगवळणी पडलेले होते. कीर्तीच्या तराजूत तो बर्बातोव्हपुढे हलका ठरला असता, पण त्या हंगामात केरळच्या कामी आला तो तोच.

गोव्याचा अनुभव याहून बोलका आहे. पिरेस आणि नंतर ब्राझीलचा विश्वविजेता बचावपटू लुसिओ अशी मोठी नावे करून झाल्यावर एफसी गोवाने २०१७ मध्ये फेरान कोरोमिनास या स्पॅनिश आघाडीपटूला आणले. त्याच्या आगमनाने कोणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. सर्जिओ लोबेरा या प्रशिक्षकाला कशा प्रकारचा फुटबॉल खेळायचा आहे हे आधी ठरले होते आणि त्या आराखड्यात बसणारा माणूस नंतर शोधला गेला. कोरो तीन हंगाम राहिला, ५७ सामन्यांत ४८ गोल केले, सलग दोनदा लीगचा सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. आधी नाव घ्यायचे आणि मग त्याच्यासाठी जागा शोधायची, की आधी जागा ओळखायची आणि मग माणूस आणायचा, हा प्रश्न कुलगुरूंच्या नेमणुकीत जसा असतो तसाच येथेही असतो.

रुळण्याचा सर्वांत जुना धडा मात्र कोलकात्यात आहे. १९८० मध्ये ईस्ट बंगालसाठी खेळू लागलेले मजीद बिश्कर आणि जमशीद नासिरी हे इराणी खेळाडू कोणी विमान पाठवून आणलेले नव्हते. ते अलीगढ मुस्लीम विद्यापीठात शिकत होते. जमशीद कोलकात्याचेच झाले. त्यांचा मुलगा कियान याने जानेवारी २०२२ मध्ये मोहन बागानच्या बाजूने, बदली खेळाडू म्हणून उतरून, वडिलांच्याच जुन्या क्लबविरुद्ध हॅट्ट्रिक केली. असे वारस कोणत्याही करारात लिहून मिळत नाहीत, हे खरे.

आता हिशेबाची दुसरी बाजू. २०१४ ते २०२४-२५ या अकरा हंगामांत लीगच्या सर्वाधिक गोलांचा मान एकाही भारतीयाला मिळालेला नाही. आघाडीच्या मधल्या जागेवर जवळजवळ प्रत्येक क्लब विदेशी माणूस ठेवतो. भारतीय मुले बगलेवर किंवा बाकावर. परिणाम राष्ट्रीय संघात दिसतो. जानेवारी २०२४ मधील आशियाई चषकात भारत तिन्ही सामने हरला आणि त्याला एकही गोल करता आला नाही. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये निवृत्त झाला आणि मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याला परत बोलवावे लागले. ऑक्टोबरमध्ये मडगावच्या मैदानावर सिंगापूरने आपल्याला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले.

यावर विदेशी खेळाडूंना बंदी घाला, असा उपाय सुचवणारेही आहेत. मला तो पटत नाही. मैदानावरील विदेशी खेळाडूंची मर्यादा सहावरून २०१७ मध्ये पाच आणि २०२१ मध्ये चार अशी उतरली. मधली जागा तरीही भारतीयाला मिळाली नाही, कारण ती भरू शकणारा मुलगा पंधराव्या वर्षी तयार व्हावा लागतो आणि तिथे खर्च करायला कोणी राजी नाही. गंमत अशी, की २०१०-११ मध्ये बर्बातोव्हबरोबर तो सर्वाधिक गोलांचा मान वाटून घेणारा अर्जेंटिनाचा कार्लोस तेवेझही २०१७ मध्येच शांघायला गेला आणि १६ लीग सामन्यांत चार गोल करून परतला. आपण तिथे सुट्टीवर होतो, असे त्याने नंतर सांगितले. पण चीनने त्याच वर्षी नियम केला: तोट्यातल्या क्लबने ठराविक मर्यादेपुढची विदेशी खरेदी केली, तर तेवढीच रक्कम युवा विकास निधीत भरावी. चीनचा फुटबॉल त्याने सुधारला असे नाही. २०२० चा विजेता जियांग्सू क्लब काही महिन्यांतच बंद पडला. निदान तिथे कोणाला तरी हा प्रश्न धोरणाचा आहे असे वाटले.

आपल्याकडे ही संधी आज आली आहे, तीही नाइलाजाने. २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने व्यापारी हक्कांसाठी केलेला पंधरा वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. नव्या व्यवस्थेविषयी निश्चिती नसल्याने २०२५-२६ चा हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही. पुढील व्यवस्था ठरवताना दोन अटी घालणे अवघड नाही. एका मर्यादेपुढील प्रत्येक विदेशी करारामागे ठराविक हिस्सा पंधरा वर्षांखालील संघांच्या प्रशिक्षकांच्या वेतनासाठी राखावा. आणि विदेशी खेळाडूंवर किती व कुमार संघांवर किती खर्च झाला, हे प्रत्येक क्लबने दरवर्षी स्वतंत्रपणे जाहीर करावे. कंपनी कायद्याखाली दाखल होणाऱ्या ताळेबंदातून सामान्य चाहत्याला ते उमगत नाही.

कोलकात्याच्या चाहत्यांनी आंदोलन करून मोहन बागानच्या नावापुढचे ‘एटीके’ २०२३ मध्ये हटवायला लावले. नावासाठी एवढे बळ दाखवता येते, तर जमाखर्चासाठी का नाही? क्लबमालक तोट्याकडे बोट दाखवतील. तोटा खराच आहे. पण विदेशी खेळाडू निवडण्यापूर्वी प्रशिक्षकाला विचारणे, त्याला एका महिन्याऐवजी दोन हंगाम देणे आणि त्याच्याशेजारी सरावाला एक अठरा वर्षांचा भारतीय मुलगा उभा करणे, यांपैकी एकाही गोष्टीला जास्तीचा रुपया लागत नाही.