संसारोपयोगी : वाफाऱ्याचें यंत्र निवडतांना

पडशानें नाक चोंदलें कीं तुळशीचीं पानें व ओवा घातलेल्या आधणावर पांघरूण घेऊन बसण्याची रीत आपल्या घरांतून जुनीच आहे. आतां त्यासाठीं टेबलावर ठेवण्याचीं विजेचीं यंत्रें मिळतात. त्यांचे मुख्य प्रकार तीन.

पहिल्यांत वीज दोन पट्ट्यांमधील पाण्यांतूनच वाहते. म्हणूनच त्यांत चिमूटभर मीठ घालावें लागतें. हें यंत्र स्वस्त खरें, परंतु चालू असतां पाण्यास हात लागल्यास धक्का बसतो. दुसऱ्यांत तापणारा भाग पाण्यापासून अलग असतो. म्हणून तें पहिल्याहून बरें. तथापि दोहोंतही पाणी उकळतेंच. तिसऱ्यांत पाणी तापत नाहीं. सूक्ष्म कंपनांनीं गार धुकें निघतें. मात्र टांकींतील जंतु व क्षारही त्याबरोबर हवेंत जातात. यास्तव शुद्ध, ऊर्ध्वपातित पाणी वापरावें आणि टांकी रोज धुऊन कोरडी करावी.

वाफेनें घटकाभर मोकळें वाटतें. पडसें त्यानें बरें होत नाहीं. एवढ्याशा सुखासाठीं रांगत्या मुलाच्या अंगावर आधण सांडण्याचा प्रसंग ओढवून घेऊं नये. घरांत लहान मूल असल्यास तिसराच प्रकार घ्यावा. केवळ वडीलधाऱ्यांसाठीं दुसरा चालेल. दोन वर्षांखालील मुलांस कापूर सर्वथा वर्ज्य समजावा. तेल किंवा पाला यंत्राच्या टांकींत घालूं नये. त्यासाठीं निराळी वाटी असल्यास तींतच ठेवावा.

किंमत पाहण्यापूर्वीं घरांत कोण कोण वावरतें हें पाहावें. निवड आपोआप होईल.