लिली लाइव्ह!

महिनोन्‌महिने सुट्टी. खाणं नाही, पिणं नाही, बाथरूमला जाणं नाही. नुसतं लोळायचं. आणि त्यातच बाळंतपणही उरकून टाकायचं. कशी वाटते ही मॅटर्निटी लीव्ह? तुमच्या एचआरला विचारू नका, उगाच नोकरी जाईल. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या काळ्या अस्वलिणींकडे मात्र ही स्कीम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

त्यातली सगळ्यात फेमस म्हणजे लिली. ईली नावाच्या छोट्या गावाजवळच्या जंगलातली. लिन रॉजर्स हे संशोधक कित्येक वर्षं तिथल्या अस्वलांच्या मागावर होते. त्यांच्या टीमने लिलीच्या गुहेत कॅमेरा बसवला आणि चित्र थेट इंटरनेटवर सोडलं. २२ जानेवारी २०१० ला लिलीला पिल्लू झालं, तेही जगभरातल्या हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत. पिल्लाचं नाव ठेवलं होप.

खरं सांगायचं तर स्क्रीनवर बहुतेक वेळ एक काळा केसाळ ढीग दिसतो, संथ श्वास घेणारा. ना म्युझिक, ना ब्रेक, ना एसएमएस पाठवून वोट करायची भानगड. पण त्या ढिगात काय चाललेलं असतं, बघा. नर-मादीची भेट होते उन्हाळ्यात. गर्भ मात्र कित्येक महिने नुसता थांबून राहतो. हिवाळ्याच्या तोंडावर आईच्या अंगावर पुरेशी चरबी असेल, तरच पुढचं काम सुरू! जन्मलेलं पिल्लू अर्ध्या किलोहूनही हलकं, डोळे मिटलेले. ते हिवाळी झोप घेत नाही. आईच्या अंगाची ऊब आणि दूध यांवर ते वाढतं. रडलं की ‘झोपलेली’ आई हलते, चाटते, कूस बदलते. माणूस गुहेत डोकावला तर आई सावध होणार. कॅमेरा मात्र गुपचूप बघत बसतो, हाच त्याचा फायदा.

मग काय, लिलीच्या फेसबुक पेजवर लाखावर फॅन्स जमले. मे महिन्यात आई-लेकीची ताटातूट झाली तेव्हा या मंडळींचा जीव टांगणीला लागला. रॉजर्स यांनी दोघींची पुन्हा भेट घडवली. पुढच्या हिवाळ्यात त्या एकाच गुहेत झोपल्या आणि जानेवारी २०११ मध्ये होपला दोन धाकटी भावंडं मिळाली. अगदी फॅमिली ड्रामा!

आणि सप्टेंबर २०११ मध्ये होप गेली. एका शिकाऱ्याने तिला मारलं. शिकारीचा सीझन होता, कायद्याने त्यात काही चुकीचं नव्हतं. लाखभर लोकांनी जिला डोळे मिटलेली असल्यापासून पाहिलं होतं, ती पावणेदोन वर्षंही जगली नाही.

२०१३ मध्ये तिथल्या वन्यजीव खात्याने रॉजर्स यांना परमिट वाढवून द्यायला नकार दिला. ते अस्वलांना हाताने खाऊ घालत, त्यामुळे अस्वलांची माणसाबद्दलची भीड मोडते, असं खात्याचं म्हणणं. रॉजर्स यांना हे मान्य नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं. मला विचाराल तर खात्याची काळजी अगदीच पोकळ नव्हती. पण त्या कॅमेऱ्यामुळेच होपच्या मरणाची बातमी झाली, हेही तितकंच खरं. त्या सीझनमध्ये मारल्या गेलेल्या बाकीच्या अस्वलांना ना नाव होतं, ना फॅन्स.

सो बॉस, एक्सेल शीटच्या मागे विंडो लपवून कुठला ॲनिमल कॅम बघत असाल, तर खुशाल बघा. टीम लीडरला मी नाही सांगणार. फक्त शेजारी आणखी एक विंडो उघडा आणि त्या जंगलात शिकारीचे नियम काय आहेत, तेही शोधा. पिल्लू गुहेतून बाहेर पडलं की कॅमेऱ्याचं काम संपतं. त्याला मात्र पुढे त्या जंगलातच राहायचं असतं.