आधी जुने रेल्वेमार्ग शोधा

ब्रिटनमध्ये लेकाकडे किंवा लेकीकडे दोन-तीन महिने राहायला निघालेले वाचक हमखास विचारतात, तिथे सायकल चालवायची तर कुठे? माझं उत्तर ठरलेलं आहे. नकाशावर आधी बंद पडलेले रेल्वेमार्ग शोधा.

१९६३ साली ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला आणि पुढच्या काही वर्षांत ब्रिटनने तोट्यातले हजारो किलोमीटर लोहमार्ग बंद केले. रूळ उखडले गेले, पण खालची वाट राहिली. वाफेच्या इंजिनाला खडा चढ झेपत नसे, म्हणून अभियंत्यांनी डोंगर कोरून आणि दऱ्यांवर पूल बांधून चढ जेमतेम जाणवेल इतका ठेवला होता. साठी ओलांडलेल्या गुडघ्यांना यापेक्षा चांगला रस्ता मिळणार नाही. १९७७ मध्ये ब्रिस्टॉलच्या काही सायकलप्रेमींनी एक संस्था काढली, तीच पुढे सस्ट्रान्स झाली. तिने स्वयंसेवकांना हाताशी धरून ब्रिस्टॉल ते बाथ हा सुमारे २१ किलोमीटरचा जुना मार्ग सायकलींसाठी तयार केला. देशभरच्या सायकलमार्गांच्या जाळ्याचं मूळ तिथे आहे.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टची मॉन्सल ट्रेल सुचवतो. बेकवेलपासून बक्स्टनच्या दिशेने जेमतेम १४ किलोमीटर. वाटेतले बोगदे २०११ मध्ये सायकलींना खुले झाले. मॉन्सल हेडच्या दरीवरून हा रेल्वेमार्ग नेला तेव्हा लेखक जॉन रस्किन संतापले होते. आज लोक मुद्दाम तिथला पूल पाहायला येतात. कॉर्नवॉलमध्ये वेडब्रिज ते पॅडस्टो ही खाडीकाठची वाट जवळजवळ सपाट आहे, फक्त ऑगस्टच्या सुट्टीतली गर्दी टाळा.

लांबचा पल्ला गाठायचा असेल तर आधी वारा पाहा. ब्रिटनमध्ये तो बहुतेक नैऋत्येकडून येतो. म्हणूनच व्हाइटहेवनहून संडरलंडला जाणारा सुमारे २२५ किलोमीटरचा ‘सी टू सी’ मार्ग बहुतेक जण पश्चिमेकडून पूर्वेकडे करतात. वाटेत हार्टसाइडचा घाट दमवतो, पण कॉन्सेटनंतर पुन्हा जुना रेल्वेमार्ग लागतो आणि समुद्रापर्यंत हलका उतार मिळतो. जायला महिना मे किंवा जून चांगला. स्कॉटलंडमध्ये तर तेव्हा रात्री दहापर्यंत उजेड असतो. तिथल्या पश्चिम भागात मात्र उन्हाळा चढला की मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्या थांबू देत नाहीत. शरद ऋतूत शेताकडेची काटेरी कुंपणं छाटतात आणि अरुंद ग्रामीण रस्त्यांवर काटे पसरतात, तेव्हा जादा ट्यूब जवळ हवीच.

सायकलमार्गाची निळी पाटी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका, हेही सांगायलाच हवं. देशभरच्या सायकलमार्गांच्या जाळ्याचा मोठा भाग मोटारींच्या रस्त्यांवरूनच जात होता. २०२० मध्ये सस्ट्रान्सनेच असे हजारो किलोमीटर रस्ते त्यातून वगळले. तो प्रामाणिकपणा मला आवडला, पण वगळलेल्या रस्त्यांच्या जागी सुरक्षित वाटा बांधायला सरकारचा पैसा फार संथ येतो. सायकलला ओलांडताना मोटारीने किमान दीड मीटर अंतर सोडावं, असं ब्रिटनची वाहतूक नियमावली, म्हणजे हायवे कोड, २०२२ पासून सांगते. अरुंद रस्त्यावर तेवढी जागाच नसते. तिथे चालकाने मागे थांबायला हवं, आणि सगळे थांबत नाहीत.

सगळ्यात जास्त राग येतो तो वाटांच्या तोंडाशी बसवलेल्या लोखंडी अडसरांचा. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून ते बसवले. प्रत्यक्षात अडकतात त्या तीनचाकी आणि हाताने चालवायच्या सायकली, म्हणजे ज्यांना सपाट, वाहनमुक्त वाटेची सर्वाधिक गरज आहे अशी माणसं. बोगदे खणून झालेत, पूल उभे आहेत. असे हजारो अडसर अजून तिथेच आहेत, ते आधी कापून काढा.