मातीचे दप्तर गावाच्या हाती

इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जी मोजणी आणि प्रतबंदी हाती घेतली, आणि जिचे नियम पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्यासाठी कायम झाले, तिच्यातील बारकाई आजही थक्क करणारी आहे. शेताचे भाग पाडून प्रत्येक भागातील मातीची खोली मोजायची, तिचा रंग आणि पोत पाहून तिला प्रत लावायची, आणि मग चुनखड, वाळूची भेसळ, उतार, कणांचा विस्कळीतपणा, पाणी न मुरणे, लोंढ्याने धुपणे आणि पाझराने चिबडणे या सात दोषांपैकी जो आढळेल त्याची खूण करून ती प्रत उतरवायची, अशी ती पद्धत होती. सोळा आण्यांच्या मापात बसविलेली ही प्रत दप्तरी दाखल झाली, तिच्यावरून आकार ठरला, आणि तो आकाराचा रकाना सातबाराच्या उताऱ्यावर अद्यापही छापला जातो. मात्र या साऱ्या ज्ञानाचे प्रयोजन महसूल बसविणे एवढेच असल्यामुळे, ज्या रयतेच्या शेतात हे खड्डे खणले गेले तिला त्या खड्ड्यांतून काय दिसले हे समजावून सांगण्याची गरज कोणत्याही अंमलदाराला वाटली नाही. माती रयतेची आणि मातीची विद्या सरकारची, ही विभागणी त्या काळी रूढ झाली ती मोडण्याचे काम आपल्या हातून अद्याप झालेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली तेव्हा त्या विद्येचे प्रयोजन निःसंशय बदलले, आणि त्याबद्दल योजनेला तिचे श्रेय दिलेच पाहिजे. सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब, त्याबरोबर नत्र, स्फुरद, पालाश व गंधक, आणि जस्त, लोह, तांबे, मँगनीज व बोरॉन ही सूक्ष्मद्रव्ये, अशा बारा घटकांची तपासणी करून तिचा निष्कर्ष शेतकऱ्याच्या घरी पोचविणे हे लहान काम नव्हे. परंतु पत्रिका घरी पोचणे आणि ती वाचता येणे यांत मोठे अंतर आहे. सेंद्रिय कर्बापुढे ०.३८ असा आकडा आणि 'कमी' असा शेरा छापलेला कागद ज्याच्या हाती येतो, त्याला त्या आकड्याचा आपण दरवर्षी जाळत असलेल्या पाचटाशी काय संबंध आहे हे कोणी सांगत नाही. अर्धा टक्का ही सर्वसाधारण किमान पातळी मानतात आणि तिच्याखाली गेलेली जमीन पाणी धरून ठेवण्यातही दुबळी होते, हेही त्याला कळत नाही. तो कागद घडी होऊन पासबुकात जातो, आणि मृगाच्या तोंडावर कोणते खत किती गोणी घ्यावयाचे हा प्रश्न कृषी सेवा केंद्राच्या फळीपलीकडे उभ्या असलेल्या दुकानदाराला विचारला जातो.

याच योजनेच्या रचनेत एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. बागायतीत अडीच हेक्टरांच्या आणि जिरायतीत दहा हेक्टरांच्या एका चौकटीतून एक नमुना घ्यावा असे ठरलेले होते. आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य खातेदारांची जमीन दोन हेक्टरांच्या आत असल्याने, एकाच नमुन्याचा निष्कर्ष वस्तुतः अनेक शेजाऱ्यांचा सामाईक निष्कर्ष होता. म्हणजे तपासणी मुळातच सामुदायिक होती आणि पत्रिका मात्र प्रत्येकाला स्वतंत्र वाटण्यात आली. त्या शेजाऱ्यांना एकत्र बसवून तो एकच निष्कर्ष एकदा वाचून दाखवला असता, तर तेवढ्याच खर्चात कितीतरी अधिक शिक्षण झाले असते.

मातीचे शिक्षण एकट्यादुकट्याने घेता येत नाही याचे कारण मातीच्या स्वभावातच आहे. तिचे विकार बांध जुमानत नाहीत. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास खेळू लागल्यानंतर त्या खोऱ्यातील भारी काळ्या जमिनी एकामागून एक क्षाराने पांढऱ्या पडू लागल्या, आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मान व त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी १९१० मध्ये या क्षारपड जमिनींवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. शतकाहून अधिक काळ लोटला, कालवे वाढले, उपसा योजना आल्या, ऊस वाढला, आणि कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठची उत्तम शेती त्याच दुखण्याने ग्रासली. चढाच्या शेतकऱ्याने उसाला पाट सोडून दिला म्हणजे खालच्या थरात मुरलेले पाणी उताराने सखल रानात साचते, भूजल वर चढते, मातीतील क्षार त्याबरोबर पृष्ठभागाशी येतात, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात; पुढे मातीच्या कणांवर सोडियमचा अंमल बसला की ती जमीन चोपण होते, ओली असताना राळीसारखी चिकटते आणि वाळली की ढेकूळ फुटत नाही. येथे चढाच्या शेतकऱ्याची पत्रिका निर्दोष असते आणि सखलातल्याची दोषांनी भरलेली असते, पण दोष ज्याच्या पाण्याचा त्याला तो दिसत नाही आणि ज्याला दिसतो त्याच्या हाती उपाय नसतो. जिप्सम घातले तरी सुटलेला क्षार वाहून नेणारा निचरा नसेल तर ते पैसे मातीत जातात. आणि निचऱ्याची नळी ओढ्यापर्यंत न्यायची तर ती आणखी चार जणांच्या रानातून न्यावी लागते.

शिरोळ तालुक्यात दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकल्या, आणि पिके सोडून दिलेली रानेच्या राने पुन्हा उसाखाली आली, हे उदाहरण आता राज्यभर ठाऊक आहे. त्याची चर्चा बहुधा नळीचा व्यास, खोली आणि एकरी खर्च यांच्या अंगाने होते. आमच्या मते त्यातील खरा पराक्रम निराळा आहे. ज्याचे रान बिघडलेले नाही अशा शेतकऱ्याने दुसऱ्याच्या रानातील खारे पाणी आपल्या जमिनीखालून जाऊ द्यावे, यासाठी ते पाणी कोठून येते, कसे वर चढते आणि उद्या आपल्याही रानात कसे शिरेल हे त्याला आधी उमगावे लागते. हे उमगणे म्हणजेच मृदासाक्षरता, आणि ती तेथे परस्परांच्या बांधावर बसून, वाद घालून, रुसवेफुगवे सोसून मिळालेली आहे.

हे काही आपल्या प्रदेशाला नवे नाही. खानदेशात पांझरेच्या आणि बागलाणात मोसम, आरम या नद्यांच्या काठी चाललेल्या फडपद्धतीत गावाचे ओलिताचे क्षेत्र फडांत विभागलेले असे, एका फडात एकच पीक घेतले जाई, कोणता फड कोणत्या पिकाला द्यावयाचा हे गाव मिळून ठरवी आणि पुढे फेरपालट करी. पाणी वाटण्यासाठी पाटकरी आणि राखणीसाठी जागले नेमलेले असत. पिकांची ही आळीपाळी आणि पाण्याची ही शिस्त जमिनीला विसावा देत असे. उलट, १९४२ च्या जमीनसुधारणा कायद्यान्वये कोरडवाहू मुलखात जे समपातळी बांध घालण्यात आले ते शास्त्राच्या दृष्टीने योग्य असूनही, शेताच्या हद्दी कापून जाणारा बांध आपल्या रानात कशासाठी हे न पटल्यामुळे अनेक ठिकाणी शेतकऱ्यांच्या मनातून उतरले. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम मोलाचे होते. ते पटवून देण्याची यंत्रणा मात्र त्या तोलाची नव्हती. शहाणपण वरून उतरविले की गाव ते सोसते, आपले म्हणत नाही.

मग गावाने मातीचे शिक्षण घ्यावे तरी कसे? त्यासाठी इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. एक खड्डा पुरे. गावशिवारातील काळ्या रानात, माळावर आणि ओढ्याकाठी, अशा तीन ठिकाणी कमरेइतका खोल चौकोनी खड्डा खणावा आणि उन्हाची बाजू धरून त्याची एक भिंत सुरीने नीट तासून घ्यावी. वरचा वीतभर काळा, भुसभुशीत थर संपला की बहुतेक रानांत हाताला एक आडवा, दगडासारखा घट्ट पट्टा लागतो. वर्षानुवर्षे ट्रॅक्टरचा नांगर एकाच खोलीवर फिरल्याने तो तयार झालेला असतो, आणि तुरीचे सोटमूळ त्याच्यापाशी येऊन काटकोनात वळलेले तेथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. त्याखाली चुनखडीचे पांढरे खडे, मग पिवळसर मुरूम. त्या भिंतीवर लिंबू पिळले आणि फसफस झाली की चुन्याचे प्रमाण किती आहे याचा अंदाज पोराटोरांनाही येतो. बांधावरच्या गवताखालचे एक ढेकूळ आणि शेजारच्या नांगरटीतले एक ढेकूळ, दोन्ही वाळवून पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या पेल्यांत सोडावीत: पहिले बराच वेळ आकार धरून राहते, दुसरे पाहता पाहता गाळ होऊन तळाशी बसते. सेंद्रिय कर्ब मातीच्या कणांना कसा बांधून ठेवतो यावर तासभर व्याख्यान देऊन जे साधत नाही, ते या दोन पेल्यांनी साधते.

अशा खड्ड्याभोवती जमलेल्या मंडळींत शिकविणारा एकच असण्याचे कारण नाही. कोणत्या पट्टीत वाफसा लवकर येतो आणि कोणती मृगानंतर चार दिवस पाऊल टाकू देत नाही हे म्हाताऱ्या शेतकऱ्याला ठाऊक असते. कोठे हरळी माजली, कोठे लव्हाळा उठला, कोठे खुरपे आपोआप शिरते आणि कोठे ते मोडते, हे निंदणी करणाऱ्या बायकांइतके कोणालाच ठाऊक नसते. आणि तरीही मातीपरीक्षणाच्या शिबिराचे बोलावणे सातबारावर ज्याचे नाव आहे त्यालाच जाते, ही मोठी उणीव आहे. कृषी सहायकाने आणि विद्यापीठाच्या तज्ज्ञाने या अनुभवाला शास्त्राची जोड द्यावी, आणि अनुभव चुकत असेल तेथे तो नम्रपणे पण निश्चयाने दुरुस्त करावा. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' या नावाने नेमके हेच केले: प्राध्यापकी सोडून ते शेतकऱ्यांत मिसळले, प्रत्येकाने आपल्या रानात प्रयोग करावा, नोंद ठेवावी आणि ती इतरांपुढे ठेवावी असा त्यांचा आग्रह असे, आणि सांगली-तासगावच्या द्राक्षबागाईतदारांच्या जडणघडणीत त्या आग्रहाचा वाटा मोठा आहे. त्याही मागे, १८८३ मध्ये, 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना महात्मा फुल्यांनी डोंगरउतारावरून पालापाचोळ्याचा कस धुऊन नेणारे पाणी बांध घालून रानात मुरवावे याचा विचार मांडला होता, आणि त्याच ग्रंथात शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीचे शिक्षण देण्याची मागणीही केली होती. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच ग्रंथात मांडाव्यात हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते.

शाळेचे स्थान या कामात मध्यवर्ती आहे. नमुना घेणे हे सातवी-आठवीच्या मुलामुलींना सहज साधणारे काम आहे: शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणे निवडायची, झाडाखालची, बांधालगतची, उकिरड्याजवळची जागा टाळायची, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा वीतभर खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती खरवडायची, सगळी घमेल्यात कालवून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करीत जायचे. नमुना सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरला आणि चिठ्ठीवर गट क्रमांक व मागच्या हंगामाचे पीक लिहिले, की मुलांचे काम झाले. हे काम घाईने, एकाच कोपऱ्यातील मूठभर माती उचलून होते तेव्हा पुढची सगळी प्रयोगशाळा व्यर्थ ठरते. आणि स्वतःच्या आईबापांच्या रानातला नमुना घेणारे मूल ती घाई करणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

एक सावधगिरीही येथे सांगितली पाहिजे. तलावांतील गाळ काढून शिवारात टाकण्याची शासनाची योजना २०१७ मध्ये सुरू झाली, आणि हलक्या, मुरमाड रानांना तिने जीवदान दिले आहे. पण मुळातच भारी, निचरा नसलेल्या रानात चिकण गाळाचा थर चढविला तर रोग वाढतो. कोणत्या तलावाचा गाळ कोणत्या रानाला चालेल हे गावाने आधी तपासून ठरविले पाहिजे. ते ट्रॅक्टरच्या खेपांच्या घाईत ठरता कामा नये.

आमची सूचना अशी आहे की प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या शिवाराचे एक मातीचे दप्तर ठेवावे. गटवार नकाशा घ्यावा, त्यावर खोली, चुनखड, चिबड, चोपण, धूप आणि कर्ब यांच्या खुणा गावाने स्वतः कराव्यात, पत्रिकांतील निष्कर्ष त्यात उतरवावेत, आणि दर तीन वर्षांनी नवी पाने जोडावीत. नागपूरला १९७६ पासून राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहे, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार कृषी विद्यापीठे आहेत. त्यांच्याजवळच्या तालुकानिहाय नोंदी मराठीत, गावाला वाचता येतील अशा रूपात या दप्तरासाठी खुल्या झाल्या पाहिजेत. नमुने घेण्याचा योग्य काळ रब्बी निघाल्यावरचा, आणि १ मे ची ग्रामसभा नेमकी त्याच दिवसांत येते. त्या सभेत लेखापरीक्षण व लाभार्थींच्या याद्यांबरोबर मातीच्या दप्तराचे वाचन हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर असावा, सभेपूर्वीच्या आठवड्यात तिन्ही खड्डे खणून उघडे ठेवावेत, आणि ज्या गटांचा निचरा परस्परांच्या रानांतून जातो त्या खातेदारांची बैठक त्याच दिवशी तेथेच लावून तिचा ठराव इतिवृत्तात नोंदवावा. विकास आराखड्यात निचऱ्याच्या चराला आणि पाचट कुजविण्याच्या कामाला तरतूद मागताना ग्रामसेवकाच्या हाती असा ठराव असेल, तर तालुक्याच्या कचेरीला ती मागणी बाजूला सारणे कठीण जाईल.