वस्तीचे नाव बदलले, रस्ता कोण जोडणार?

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाड्याचे समतानगर, भीमनगर करा म्हणाले. चांगले झाले. पण त्या समतानगरातून शेजारच्या कॉलनीत जायला रस्ता आहे का, हे कोणी विचारले?

लातूर, परभणी २०११ साली महापालिका झाल्या, इचलकरंजी २०२२ ला, जालना २०२३ ला. अशी शहरे पसरत कडेची गावे गिळतात. गावासोबत गावकुसाबाहेरची वस्तीही शहरात येते, आणि तिच्याभोवती एनए लेआउट पडू लागतात. प्रत्येक लेआउटवाला आपला रस्ता थेट हायवेला काढतो. वस्तीच्या बाजूला भिंत. 'सुरक्षेसाठी' म्हणे. कोणापासून, ते एकदा विचारून पाहा! समोर दिसणाऱ्या शाळेत जायला आपल्या लेकरांना हायवेवरून वळसा, आणि रात्री बाळंतिणीला न्यायला आलेली ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशीच उभी. गावकूस पडले नाही, ते सिमेंटचे झाले.

"नियोजन चुकले" असे साहेब सांगतात. खोटे आहे. विकास आराखड्यात रस्ता आखलेला असतो. पण १९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम १२७ वाचा: दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देतो, आणि त्यानंतरही मुदतीत पालिका हलली नाही तर आरक्षण रद्द. पालिका का हलत नाही? नोटीस देणारा आणि सभागृहात बसणारा बऱ्याचदा एकाच पंगतीतले असतात. तोच रस्ता वस्तीवरून जाणार असला की मात्र जेसीबी दारात. आपल्या नावावर सातबाराच नाही, नोटीस कशाची देणार?

संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी आणि तलावांच्या शेजारी 'रस्ते' हा शब्द आहे. १९२७ साली महाडला तळ्यासाठी माणसे डोकी फोडून घेऊन परतली. आपण मात्र जयंतीच्या मिरवणुकीचा मार्ग अडवला की चौकात उतरतो, आणि उरलेले ३६४ दिवस त्याच वळशाने जातो.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की कलम २६ खाली हरकती घेतात. बिल्डरांचे वकील तिथे हजर असतात, आपले कोणी नसते. रविवारी विहारात जमाल तेव्हा आराखड्याचा नकाशा भिंतीवर लावा. कोणता रस्ता कोणत्या भिंतीशी संपतो तिथे निळ्या पेनने खूण करा, आणि हरकतीत सर्व्हे नंबर घालून पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.