शाळा सोडल्याचे कारण

आपल्या विद्यालयाच्या या स्मरणिकेत ‘आमचे माजी विद्यार्थी’ असे एक प्रकरण असावे, असा ठराव समितीने केला आणि ते काम आमच्याकडे सोपविले. इतिहास हा आमचा विषय असल्यामुळे जुने कागद चाळण्याचे काम नेहमीच आमच्या वाट्याला येते. त्याबद्दल तक्रार नाही. माहितीपत्रक छापून घेतले, व्हॉट्सॲपवर पाठविले, चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात हातोहात वाटले. रकाने पाच : नाव, तुकडी, शिक्षण, हुद्दा, पत्ता. पत्रके भरून येऊ लागली आणि ती वाचताना ऊर भरून आला, हे कबूल केले पाहिजे. पहिल्या दिवशी ताट-वाटी आणि पत्र्याची पेटी घेऊन दारात रडत उभी राहिलेली मुले आम्ही पाहिलेली आहेत. त्यांच्यातील कोणी आज तहसील कार्यालयात आहे, कोणी परिचारिका, कोणी अभियंता, कोणी आमच्याच व्यवसायात. ती सारी नावे पुढील पानांवर आहेतच. येथे त्यांची पुनरुक्ती करीत नाही.

एक पत्रक मात्र वेगळ्या वाटेने आले. सातवीतल्या एका मुलीने मधल्या सुटीत ते आणून दिले. आईने दिले आहे, म्हणाली. आई आपल्याच विद्यालयाची जुनी विद्यार्थिनी. ‘शिक्षण’ या रकान्यात तिने ‘आठवी’ असे लिहिले होते आणि ‘हुद्दा’ या रकान्यात एक आडवी रेघ ओढली होती. पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूस मात्र बारीक, वळणदार अक्षरांत वसतिगृहातील आपल्या खोलीतल्या सगळ्या मुलींची नावे होती आणि प्रत्येकीसमोर सासरचे गाव व चार शब्द. एक पुण्यात रुग्णालयात नोकरीला. एक अंगणवाडीत मदतनीस. दोघी दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर कोयत्यावर जातात. एकीचा मुकादम सांगलीकडे नेतो, दुसरीचा कर्नाटकात. एक बाळंतपणात वारली. तिचा मुलगा मामाकडे असतो, यंदा चौथी झाला, त्याला वसतिगृहात घेता येईल का, अशी विचारणा. आणि शेवटी स्वतःविषयी एकच ओळ : विहारात रविवारी मुलांना वंदना आणि पाढे शिकवते.

समितीच्या बैठकीत हे पत्रक कोणत्या पानावर घ्यावे, हे कळेना. वाईट कोणीच बोलले नाही. उलट, ‘आठवी’ असे छापले तर तिलाच संकोच वाटेल, असा सद्भावनेचा मुद्दा निघाला आणि आम्हीही मान हलविली. यादी छपाईला गेली. त्यानंतर ती आडवी रेघ मनातून जाईना, म्हणून समितीतील सहकाऱ्यांना सांगूनच हा लेख लिहीत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. हुद्द्यांची यादी करणे चुकीचे आहे, असे आमचे म्हणणे नाही. शासनयंत्रणेतील मोक्याच्या जागांवर आपली माणसे असली पाहिजेत, हा बाबासाहेबांचा आग्रह होता आणि ज्या समाजाला शतकानुशतके कचेरीच्या पायरीशी उभे केले गेले, त्याने कचेरीतील खुर्चीचा अभिमान बाळगला तर त्यात गैर काही नाही. पण केवळ पदवीने काय साधते, हेही बाबासाहेबांनी स्वतः भोगले होते. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला, बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झालेला हा विद्वान १९१७ साली बडोद्यात राहावयास एक खोली मिळवू शकला नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना सामानासकट बाहेर काढले गेले. पुढे बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाल्यावर जे पहिले काम तिने हाती घेतले, त्यांत ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात काढलेले वसतिगृह होते. आपल्या चळवळीत शाळेइतकेच वसतिगृहाला महत्त्व का, याचे उत्तर आम्हाला नेहमी या दोन घटनांत सापडत आले आहे. ज्याला राहावयास खोली नाही, त्याला पुस्तक उघडावयासही जागा नाही.

माजी विद्यार्थ्यांचा समुदाय म्हणजे काय, हे पाहावयाचे असेल तर आम्ही मराठवाड्यातील माणसांनी दूर जाण्याचे कारण नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले, तेव्हा मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठही नव्हते. ते झाले १९५८ मध्ये. निजामी राजवट संपून दोनच वर्षे झाली होती. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. बांधकामाकडे बाबासाहेब जातीने लक्ष देत. पुढे महाविद्यालयाला ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि परिसराला ‘नागसेनवन’. एक राजा प्रश्न विचारतो, भिक्खू उत्तरे देतो आणि उत्तर पटल्यावर राजा आपला हट्ट सोडतो, ही त्या नावामागची कथा. महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव द्यावे आणि परिसराला उत्तर देणाऱ्याचे, ही कल्पना आम्हाला आजही विलक्षण वाटते.

या परिसरात खेड्यापाड्यांतून आलेल्या, घरात पहिल्यांदाच पाटी हाती धरलेल्या मुलांनी काय केले? प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक उभे राहिले. १९५६ मध्ये नागपूरच्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या वेळी त्याचा प्रयोग झाला. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख त्यांनी येथील विद्यार्थ्यांना करून दिली. गंगाधर पानतावणे सरांनी येथे अध्यापन करीत असतानाच ‘अस्मितादर्श’ सुरू केले आणि २०१८ मध्ये देहावसान होईपर्यंत जवळजवळ अर्धशतक ते चालविले. ज्यांचे पहिले लेखन एखाद्या प्रतिष्ठित मासिकाने परत पाठविले असते, अशा किती मुलांना त्या नियतकालिकाने लिहिते केले! या मंडळींपैकी कोणी अध्यापक होते, कोणी विद्यार्थी, कोणी आधी विद्यार्थी आणि मग अध्यापक. बाहेर पडलेले लोक पुन्हा आत येत राहिले आणि आत असलेल्यांना बाहेरचे वारे लागत राहिले. माजी विद्यार्थी संघाची घटना, वर्गणी, स्नेहभोजन यांपैकी काही असो वा नसो, संघ तो हाच.

नामांतराच्या लढ्यात या समुदायाची खरी परीक्षा झाली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि त्यानंतर वस्त्या पेटल्या. नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. साडेपंधरा वर्षे. आमची एम.ए.ची गुणपत्रिका १९९३ ची आहे. तिच्यावर जुनेच नाव आहे. आमच्या धाकट्या भावाच्या गुणपत्रिकेवर नवे. घरात त्या दोन्ही एकाच फाइलमध्ये ठेवलेल्या आहेत आणि इतिहासाच्या तासाला आम्ही कधीकधी त्या वर्गात नेतो. मुले तारखा विसरतात, पण ते दोन कागद विसरत नाहीत.

पण ते नाव कोणामुळे लागले, असे मुलांनी विचारले की आम्ही त्यांना आधी टेंभुर्णीला नेतो, पुस्तकातून, अर्थात. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांची ऑगस्ट १९७८ मध्ये हत्या झाली. मातंग समाजातील हा माणूस ‘जय भीम’ म्हणत असे. ते त्या विद्यापीठाचे विद्यार्थी नव्हते. त्यांचे नाव त्याच्या कोणत्याही पदवीधर-यादीत सापडणार नाही. नागसेनवनातील विद्यार्थ्यांनी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, वर्षे वाया घालविली, हे खरेच. परंतु या लढ्यातील सर्वांत जड किंमत विद्यापीठाची पायरी कधीही न चढलेल्या माणसांनी मोजली. पदवी न घेतलेल्यांच्या बळावर ज्या विद्यापीठाला नाव मिळाले, त्या प्रदेशातील आम्ही शिक्षक माजी विद्यार्थी मोजताना पदवीचीच फूटपट्टी लावतो, ही गोष्ट आम्हाला आता बोचू लागली आहे.

हुद्द्याकडेही कसे पाहावे, यासाठी एक उदाहरण देतो. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात हे मिलिंद कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. २००६ ते २०११ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. आपल्या पद्धतीच्या यादीत ही एक ओळ झाली असती आणि त्यापुढे ‘पद्मश्री’ हा शब्द आला असता. पण त्याच काळात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. २००७ च्या त्या अहवालात शिकवणी आणि परीक्षांबरोबर वसतिगृहातील खोल्यांचाही विचार होता : आपली मुले इतर मजले सोडून ठरावीक मजल्यांवरच का एकवटतात, त्यांना तेथे कोण ढकलते. देशातील सर्वांत नावाजलेल्या वैद्यकीय संस्थेत कोणाची खोली कोठे आहे, हे पाहणे महत्त्वाचे आहे, ही जाण एका अहवालात उतरली. हुद्दा ओळीत बसतो. त्या हुद्द्यावरून काय विचारले, हे बसत नाही.

येथे वाचकांना आग्र्याची आठवण होईल. १८ मार्च १९५६ च्या आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी सुशिक्षितांविषयी जी व्यथा बोलून दाखविली, ती आपल्या प्रत्येक व्यासपीठावरून ऐकविली जाते. आम्हीही ती अनेकदा ऐकविली आहे, आणि बहुधा पहिल्या रांगेत बसलेल्या, सुटी काढून, लेकराबाळांसह आलेल्या माजी विद्यार्थ्यांनाच. जे आले नाहीत त्यांना ती ऐकू जात नाही आणि जे आले त्यांना ती लागू होत नाही! विनोद सोडा. घरातील पहिल्या पगारदारावर काय ओझे असते, हे आम्हाला ठाऊक आहे : धाकट्यांचे शिक्षण, वडिलांची उचल फेडणे, बहिणीचे लग्न, गावाकडच्या घराचे पत्रे. त्याला ‘पे बॅक टू सोसायटी’ म्हणून सुनावताना तो आधीच काय काय फेडत आहे, हे विचारण्याचे सौजन्य आपण दाखवीत नाही. आणि मग असे होते की, ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नाही असे त्याला स्वतःलाच वाटते, तो पुढच्या वर्षीपासून येणे बंद करतो.

ती आडवी रेघ पाहिल्यानंतर आम्ही विद्यालयाचे जनरल रजिस्टर कपाटातून काढले. पालकांपैकी अनेकांना हे रजिस्टर माहीत नसेल. मूल दाखल झाले की त्याची एक ओळ या रजिस्टरात होते : नाव, जात, जन्मतारीख, पूर्वीची शाळा. शेवटच्या बाजूला रकाना असतो, ‘शाळा सोडल्याचे कारण’. पहिल्या तुकडीपासून आम्ही बोट ठेवून खाली येत गेलो. दहावी उत्तीर्ण, दहावी उत्तीर्ण, आणि मध्येमध्ये, पुन्हापुन्हा, एकच वाक्य : ‘पालकांच्या विनंतीवरून’. सातवीत, आठवीत, नववीत. मुलींच्या ओळींत ते अधिक. कित्येक ठिकाणी अक्षर आमचेच आहे. त्या विद्यार्थिनीच्या ओळीतही तेच वाक्य आहे, आणि तेही आमच्याच अक्षरात. त्या वर्षी पाऊस कमी होता, वडिलांनी उचल दुप्पट घेतली होती, धाकट्या भावंडांना कोपीवर सांभाळावयास कोणी हवे होते; पुढच्या वर्षी तिचे लग्न लावले. हे आम्हाला तेव्हा ठाऊक होते. तरीही रकान्यात जे वाक्य लिहिण्याचा प्रघात होता, तेच आम्ही लिहिले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कागदावर असा खोटेपणा करू नये. पण केला.

तेव्हा आमचे म्हणणे साधे आहे. आपल्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची यादी दहावीच्या निकालपत्रावरून न करता जनरल रजिस्टरावरून करावी. जो एकदा दाखल झाला, ज्याने आपल्या भोजनगृहात एक वर्षदेखील जेवण केले, तो माजी विद्यार्थी. माहितीपत्रकातून ‘हुद्दा’ हा रकाना काढून ‘सध्या काय करता’ असा ठेवावा आणि त्याखाली आणखी एक : ‘सोबतच्या कोणाकोणाची खबर आहे’. त्या आठवी शिकलेल्या बाईंनी कोणी न सांगता हाच रकाना स्वतः आखून घेतला होता. आपल्या संघाचे कार्यवृत्त म्हणून आजवर जे काही छापले गेले, त्यांपैकी कशातही तिच्या त्या अर्ध्या पानाइतकी बातमी नव्हती.

नोकरीत असलेल्या माजी विद्यार्थ्यांकडे पैशांआधी एक विनंती आहे. दिवाळीच्या सुटीत आपापल्या तालुक्यातील, आपल्या तुकडीतून मध्येच गळालेल्या निदान दोघांच्या घरी जाऊन यावे. सत्कार करावयास जाऊ नये. चहा घ्यावा, मुले कितवीत आहेत हे विचारावे. ऊसतोडीची कुटुंबे दसऱ्यानंतर गाव सोडतात, म्हणून त्यांच्याकडे त्याआधी जावे लागेल. रजिस्टरातील तुकडीनिहाय नावे आम्ही वहीत उतरवून घेत आहोत. पहिल्या पाच तुकड्यांचे काम झाले आहे. ज्यांना हवी असतील त्यांनी कार्यालयात येऊन पाहावीत, छायाप्रत मिळेल.

आणि त्या मामाकडच्या मुलाविषयी. त्याचा अर्ज आला आहे. पाचवीच्या मंजूर जागा भरल्या आहेत, त्यामुळे त्याचा भोजनखर्च अनुदानात बसणार नाही. पूज्य भन्तेजींनी त्याला घेण्यास होकार दिला आहे. एका वर्षाच्या खर्चाची तजवीज व्हावयाची आहे. त्याच्या आईचे नाव रजिस्टरात आहे. तिच्या ओळीच्या शेवटीही तेच वाक्य आहे.